अठरा जणांची शांतता

प्राचीनं दोन वर्षं खपून गोठ्याशेजारच्या खोलीत जे सूक्ष्मदर्शक यंत्र बांधलं होतं, त्यात कालपर्यंत अंधुक का होईना, अणू दिसत होते. आज पडद्यावर नुसत्या लाटा! आणि बाराला पुण्याहून नूतन मॅडम वारूळवाडीत पोचणार होत्या. यंत्र पसंत पडलं, तर त्यांच्या कॉलेजला तशी पाच हवी होती.

सकाळपासून शेजारपाजार अणू बघायला डोकावून जात होता. पण प्राचीला संशय आला पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा.

"चाचा, आतली सुई अणू चाचपत फिरते, त्यातून चित्र उमटतं. ती केसाच्या लाखाव्या हिश्शाएवढी हलली, तरी चित्र बिघडतं," तिनं गिरणीवाल्या राजमहंमदभाईंना सांगितलं.

"मग गिरणी बंद! गावच्या पोरीपरीस पीठ मोठं व्हय?" त्यांनी लगेच खटका पाडला.

दळणाला आलेल्या बायकांना कारण सांगणं आलं. प्राचीच्या मशिनीला शांतता पायजे, हे कळताच डबे तिथंच ठेवून सगळ्या शांतता राखायला खोलीत शिरल्या. मागोमाग भागूआत्या नातसुनांसकट आली, राजमहंमदभाईही आले. अठरा माणसं श्वास रोखून उभी राहिली आणि लाटा दुप्पट झाल्या.

प्राचीनं पंखा थांबवला, फ्रीज बंद केला. तिच्या आईनं, ठमाबाईनं, गायीच्या गळ्यातली घंटासुद्धा सोडली. तेवढ्यात मॅडम आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "काहीच दिसत नाही गं."

प्राची पुन्हा यंत्राच्या तारा तपासायला वाकली.

"येवढी शांतता धरलीय, आन अजून काय पायजे हिला?" भागूआत्या पुटपुटली आणि तिनं अवघडलेला पाय बदलला. पडद्यावर डोंगर उठला!

तो एकट्या राजमहंमदभाईंनी पाहिला. ते गुपचूप बाहेर गेले. गिरणी धडधडली. "पयला नंबर कुणाचा?"

"माझा! माझा!" खोली रिकामी झाली.

प्राचीनं कपाळाला हात लावला. पण लाटा निवत चालल्या होत्या. स्प्रिंगांवर टांगलेल्या यंत्रानं गिरणीची घरघर केव्हाच पचवली होती. पचत नव्हते ते छत्तीस पाय. हळूहळू ओळीनं मांडल्यासारखे गोल ठिपके उमटले.

मॅडम पुढं वाकल्या. "अणू! प्राची, पाच नकोत. सहा कर."

प्राचीनं ठमाबाईला ओढतच पडद्यापुढं आणलं.

"ह्येच का त्ये?"

"हेच, आई! कुण्णाला न दिसणारं!"

ठमाबाईनं निरखून पाहिलं.

"काय तरीच! दोन वर्सं बारीक, बारीक म्हणून जीव खाल्लास. मला तर चष्म्याबिगर दिसत्यात की!"