पातळ तेल

सासूबाईंची गाडी गल्लीच्या वळणावर आली की तिच्या इंजिनाची टकटक थेट दिवाणखान्यात ऐकू येई. त्यासरशी अप्पा आणि सूनबाई हातातले पत्ते उशीखाली सारून साळसूदपणे उठत. घरात पत्त्यांना सासूबाईंची सक्त मनाई होती. अप्पांना मात्र निवृत्तीनंतर दुपारच्या रमीएवढे गोड दुसरे काही उरले नव्हते.

एके दिवशी सासूबाईंनी फर्मान काढले, "अहो, ही टकटक डोक्यात जाते माझ्या. मेस्त्रीला दाखवून आणा."

मेस्त्रीने बॉनेट उघडून कान दिला. "व्हॉल्व्ह वाजतायत, अप्पा. तेल जुनं होऊन पातळ झालंय. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला, मांजरासारखी चालेल."

अप्पांना उशीखालचे पत्ते आठवले. "आणि याहून पातळ घातलं तर?"

"मग बाई निघाल्या की अख्ख्या गावाला कळेल! पण इंजिन झिजेल हं."

दुसरे वाक्य अप्पांच्या कानांत शिरलेच नाही. त्यांनी दुकानातले सर्वांत पातळ तेल आणले आणि "बाईंनीच सांगितलंय" असे बजावून भरून घेतले. त्या नावापुढे मेस्त्रीची काय बिशाद!

त्या दुपारी टकटक दोन गल्ल्या पलीकडूनच ऐकू आली.

"अप्पा, आता डाव पुरा करूनसुद्धा वेळ उरतो!" सूनबाई खूश झाली.

पण टकटकीचा हळूहळू खडखडाट झाला. शेवटी एका दुपारी भर चौकात तेलाचा लाल दिवा लागला. सासूबाईंनी मेस्त्रीला तिथेच बोलावले, गाडी त्याच्या ताब्यात दिली आणि घरची वाट पायी धरली.

दिवाणखान्यात अप्पांनी पाने उलगडून आरोळी ठोकली, "जिंकलो!"

"कशात?" दारातून प्रश्न आला.

सूनबाई पाणी आणण्याच्या निमित्ताने पसार झाली.

"मेस्त्री म्हणतो, ते पातळ तेल म्हणे मीच मागवलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, दुकानदारानं..."

"टकटक कोणाला हवी होती ते दिसतंय मला. गाडी दुरुस्त होऊन आली की दुपारची तुम्हीच चालवायची. मी मागे बसेन."

पुस्तिकेतले तेल पिऊन गाडी खरोखरच मांजर झाली. पहिल्याच दुपारी अप्पा सासूबाईंना घेऊन निघाले, तेव्हा सूनबाई शेजारणीला पाने वाटू लागली होती. परतताना गल्लीच्या वळणावर अप्पांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

"अहो, समोर कुत्रंसुद्धा नाही. हॉर्न कशाला?"

"असू दे," अप्पा गंभीरपणे म्हणाले, "या इंजिनाचा आता काही भरवसा राहिला नाही."