डोमाजीची साधी गाठ

"साधी गाठ आहे बाबा. काई नाई," डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येत योगेंद्र म्हणाला आणि डोमाजीच्या मनात पाल चुकचुकली.

गुडघ्याखालची ती गाठ तरुणपणापासूनची. यंदा वांग्याच्या वाफ्यात पाय मुरगळला, म्हणून वर्ध्याला एक्स-रेचा फोटो काढला, मग एमआरआय झाला. पण रिपोर्ट ऐकायला पोरगा एकटाच आत का गेला? मोठा आजार रोग्याला सांगायचा नाही, हा आंजी गावातला रिवाज डोमाजीला चांगलाच ठाऊक होता. साळ्याला शेवटपर्यंत "गॅस आहे" म्हणून सांगणारा तोच होता.

घरी तो तोंड पाडून बसला. बायकोने, सुलोचनाबाईने, भातावर तुपाची धार धरली. एरवी त्याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा लपवून ठेवणारी सून रुचिका पुडी पुढे करत म्हणाली, "खा मामाजी, आजचा दिवस." डोमाजीने उचललेली पुडी खाली ठेवली. आजचा दिवस?

दुसऱ्या दिवशी तोंडाला दुपट्टा गुंडाळून तो एकटाच दवाखान्यात गेला.

"मी डोमाजीचा मोठा भाऊ, नाचणगावचा. मले खरं सांगा मॅडम. पेशंटले सांगत नाई मी."

डॉक्टर मेघांनी त्याच्या लंगडणाऱ्या पायाकडे एकवार पाहिलं आणि हसू दाबून कॉम्प्युटरवर फोटो लावला.

"बघा, गाठीच्या कडा स्वच्छ आहेत, हाड कुठे पोखरलेलं नाही. फोटो तपासणाऱ्या कॉम्प्युटरनेही ती साध्या गाठींतच टाकलीय आणि एमआरआय मी स्वतः पाहिलाय. ऑपरेशनची गरज नाही. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू."

"कॅन्सर नाई?"

"नाही. भावाला सांगा, निवांत राहा."

डोमाजीचा जीव भांड्यात पडला. नातेवाइकाला सांगितलं म्हणजे खरंच असणार! त्याने पेढे घेतले आणि शेताच्या बांधाच्या भांडणावरून बोलणं बंद असलेल्या चंद्रभानच्याही तोंडात एक कोंबला.

"मले काई झालं नाई!" घरात शिरताच तो ओरडला. "चंद्रभानलेबी पेढा देल्ला!"

सुलोचनाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमी एकटेच गेलते दवाखान्यात?"

"हो. डाक्टरनं सगळं सांगतलं."

कालपर्यंत तिचा पोराच्या शब्दावर विश्वास होता. पण काल तोंड पाडून बसलेला नवरा आज हसतो, वैऱ्याला पेढा भरवतो, हे लक्षण तिला बरं दिसेना. "आमच्यासाठी हसून राह्यले हो तुमी," म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला.

डोमाजीचं हसू मावळलं. बायको उगीच कशाला रडेल? त्याने योगेंद्रला हळूच अंगणात ओढलं.

"काऊन रे, त्या मॅडमनं माह्या मोठ्या भावालेबी फसवलं काय?"