जॅकची मिस्री

कुत्र्याचे दात घासणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे, असं धोंडीराम कारकुनाने गोऱ्या साहेबाला छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच त्याचं नशीब फिरलं. साहेब सोलापुरातल्या एका कापडगिरणीचा मॅनेजर. उन्हाळ्याचे दोन महिने तो महाबळेश्वरला निघाला होता आणि लाडका जॅक धोंडीरामच्या हवाली करत होता. आधीचा कुत्रा दात किडून मेला, तेव्हापासून साहेबाने दातांचा ध्यासच घेतला होता. रोज सकाळी ब्रश आणि पांढरी पावडर. परत आल्यावर जॅकचे दात नीट दिसले, तर हेडक्लार्कची खुर्ची धोंडीरामची. नाही दिसले तर काय, हे साहेबाने सांगितलं नाही आणि धोंडीरामने विचारलं नाही.

पहिल्या सकाळी जॅकने ब्रशचे दोन तुकडे केले. दुसऱ्या सकाळी पावडरीचा डबा मोरीत गेला. तिसऱ्या सकाळी धोंडीरामच्या अंगठ्याला चिंधी आली.

त्याची विधवा आत्या बजाबाई उंबऱ्यावर बसून हे बघत होती. तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी मिस्री दाताला लावणं चाललं होतं.

"धोंड्या, तुला जमायचं न्हाय. जनावर हाय ते, फाइल न्हवं. सोड माज्याकडं."

"आत्या, सायबाचं कुत्रं हाय. दात चांगलं ऱ्हायला पायजेत."

"व्हय रं. साठ वरसं दात घासतीया मी. एक तरी पडलाय का?"

खरंच पडला नव्हता. धोंडीरामने साखळी तिच्या हातात दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आठ दिवसांत जॅक स्वतःहून तिच्यापुढे तोंड उघडून बसायला लागला. धोंडीराम लांबून चहा पीत ते पाहायचा आणि साहेबाला पत्र लिहायचा, 'दात उत्तम, काळजी नसावी.'

साहेब यायच्या आदल्या दिवशी जॅकने धोंडीरामच्या तोंडासमोर जांभई दिली. दात तव्याच्या बुडासारखे काळे!

"आत्या, काय लावलंस ह्येला?"

"मिस्री. मला सोसती, त्येला बी सोसली."

राख झाली, मीठ झालं, लिंबू झालं. काळेपणा हटेना. वर मिस्री चुकली म्हणून जॅक साखळी तोडून पळाला आणि नळावर मिस्री लावणाऱ्या बायांपुढे तोंड उघडून बसला. शेजारच्या ईरम्माने आपल्या डबीतली चिमूट लावली, तेव्हा कुठे तो घरी आला. धोंडीराम कपाळाला हात लावून बसला. खुर्ची राहू दे, आहे ती कारकुनी तरी राहील का, या विचाराने त्याला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः दारात आला. त्याने जॅकचा ओठ वर केला, दात ठोकून पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या. धोंडीरामने डोळे मिटून घेतले.

"काला है," साहेब म्हणाला, "मगर कीडा नहीं. एक भी नहीं. किसने साफ किया?"

मेलेल्या धोंडीरामच्या अंगात जीव आला आणि जिवाबरोबर लोभही आला.

"मैंने, साहेब."

"दिखाओ."

धोंडीरामने जॅकच्या तोंडात अंगठा घातला. आता दुसऱ्या अंगठ्यालाही चिंधी आली. मग बजाबाई डबी घेऊन उठली आणि जॅकने शहाण्या पोरासारखं तोंड उघडलं.

हेडक्लार्कची खुर्ची कुणाला मिळाली, ते धोंडीरामला विचारू नका. बजाबाईला मात्र न्यायला रोज सकाळी साहेबाच्या बंगल्यावरून जॅकला घेऊन टांगा येतो. गिरणीच्या फाटकापाशी टांगा आला, की साहेबाचा टांगा म्हणून धोंडीरामला सलाम ठोकावा लागतो. मागच्या बैठकीवरून आत्या आणि जॅक त्याच्याकडे बघून हसतात, आणि दोघांचेही दात सारखेच काळे दिसतात.