चंपीच्या पोटाखालची बाटली

सकाळी अकराला रत्नागिरीची वीज गेली आणि सत्यवतीने प्रयोगशाळेतल्या पेटीला हात लावून पाहिला.

कातडीच्या एका विचित्र कर्करोगामागे विषाणू आहे का, हे शोधायला ती वर्षभर रुग्णांच्या पेशी बाटल्यांत वाढवू पाहत होती. बाकी सगळ्या आठवड्याभरात मेल्या. तगल्या फक्त मिरकरवाड्याच्या गुणाजी तांडेलच्या. त्या पेशींची गुलाबी पाण्याची एकुलती बाटली आता उबेच्या पेटीत गार होत चालली होती. उद्या मुंबईचे साहेब प्रयोगशाळा ठेवायची की मोडायची, ते ठरवायला येणार होते.

“हातखंब्याकडं खांब पडलेत. आजची आशा सोडा,” वायरमन सांगून गेला.

गुणाजीचा रिपोर्ट विचारायला त्याची बायको कमळा आली, तर बाई पोटाशी शाल गुंडाळून बसलेल्या.

“पोटात दुखतंय काय बाई?”

“नाही हो वहिनी. ही तुमच्या गुणाजींची बाटली. अंगाएवढी ऊब नाही मिळाली तर मरेल.”

कमळाचा चेहरा पडला. रोग असला तरी नवऱ्याचाच होता तो. “मरंल कशी? माजी चंपी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलीय. द्या हिकडं!”

कमळाच्या घरी चंपीने ती घट्ट बुचाची बाटली चोचीने ओढून अंड्यांत घेतली. सत्यवतीने तिच्या पोटाखाली थर्मामीटर सरकवला. सदतीस! पेटीलाही इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली, पण चंपी बाटली देईना. सत्यवतीच्या हाताला दोन चोची बसल्या. कमळाने गोणपाट टाकलं, तशी चंपी किंचाळत कौलांवर चढली ती उतरेचना.

“बाई, पिल्लं आज निघायची व्हती! आता अंडी गार पडतील की वो!”

उपकार विसरणार कशी? बाटली आणि सात अंडी टोपलीत घेऊन सत्यवती प्रयोगशाळेतल्या पेटीकडे धावली. मागून कमळा.

मुंबईच्या साहेबांनी आल्या आल्या पेटी उघडली. आतून आवाज आला, “चिंव.”

गुणाजीच्या बाटलीला टेकून एक ओलं पिल्लू उभं होतं.

“हे काय?”

सत्यवतीने खरं ते सगळं सांगितलं. साहेब बाटली घेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसले. बराच वेळ त्यांनी डोकं वर केलं नाही.

“पेशी जिवंत आहेत,” ते हळूच म्हणाले. “भरपूर वाढल्यात.”

कमळाने पदराने डोळे टिपले.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. प्रयोगशाळा ठेवायच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता : वीज गेल्यास पर्यायी सोय. तिथे ते अडले.

“चंपी रुसलीय,” कमळा म्हणाली. “पन शेजारच्या मथुरेची कोंबडी कालच बसलीय. तिचं नाव लिवा.”

साहेबांनी लिहिलं : आहे.