फुकटचं वजन

पारसशेठ माणसाला आधी नमस्कार करत नाहीत, काट्यावर उभं करतात. काटा म्हणजे एमआयडीसीतल्या आमच्या रोलिंग मिलचा, भंगाराचे ट्रक तोलायचा. त्याला दहा किलोंच्या खालचं काही कळत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्याच्यावर ऐंशी किलोंचा भरलो आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढल्यावर सत्तरचा झालो. "बघा," पारसशेठ म्हणाले, "फुकटचं वजन."

तसे ते शेठ नाहीत, माझ्यासारखेच नोकरदार. पण घराणं राजस्थानचं, म्हणून जालन्यात आपसूक शेठ. जन्म गेला लोखंड तोलण्यात आणि जीव जडला तो तेजस नावाच्या हलक्या लढाऊ विमानावर. केबिनमध्ये महावीरांच्या तसबिरीशेजारी त्याची कात्रणं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालणारा हा माणूस, त्या विमानाला बॉम्ब कुठे टांगतात ते मात्र तपशीलवार सांगतो.

"पोलादाचं न्हाई ते, कार्बनच्या धाग्यांचं अंग. तेच वर दुश्मनाचं विमान पाडतं, तेच खाली बॉम्ब टाकतं, तेच फोटो काढून आणतं. जाधव, तुम्हाला एक काम सांगितलं तर दुसरं विसरता."

हे खोटं नव्हतं. एकदा रिकाम्या ट्रकचं वजन घ्यायला मला पाठवलं, तर मी ड्रायव्हरला उतरवलं आणि स्वतः आत बसून राहिलो. पारसशेठनी काचेतून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पुढे महिनाभर ते मला, विमानाच्या पंखाखाली इंधनाची टांगतात ती, 'जादा टाकी' म्हणत होते.

त्याचा बदला मी टपरीवर घेतला. सगळ्यांसमोर म्हणालो, हे विमान कागदावर आलं तेव्हा मी हाफपँटीत होतो, हवेत उडालं तेव्हा माझं लग्न झालं होतं, हवाई दलात गेलं तेव्हा माझे गुडघे गेले होते. आता ज्यांच्या जागी हे यायचं ती जुनी विमानं निवृत्त झाली, आणि ह्याचं पुढचं मॉडेल अजून येऊनच राह्यलंय. लोक चहा सांडेपर्यंत हसले.

एकटे पारसशेठ हसले नाहीत. "चाचण्या चालू हायेत," ते म्हणाले. "त्यात माणूस बसतो, जाधव. भंगार न्हाई भरायचं."

मला वाटलं, देशभक्ती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुपारी त्यांच्या केबिनमध्ये बसलो होतो. फोन वाजला.

"बोल बेटा... न्हाई जमत? बराबर हाय, काम आधी... नेहा, जेवून राह्यलीस ना टाइमावर?"

फोन ठेवला. बारा वर्षं शेजारी बसून, त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं, की यांची मुलगी बंगळुरात त्याच विमानाच्या चाचण्यांवर आहे आणि ही तिची घराबाहेरची तिसरी दिवाळी. मी मूर्खासारखं विचारलं, विमान कुठवर आलं ते विचारलं नाही?

"तिला सांगायची मनाई हाय. मी विचारतच न्हाई." त्यांनी कात्रणांकडे पाहिलं. "पेपरात आलं का समजतं, पोरगी काय करून राह्यली ते."

मग टेबलाखालून त्यांनी खोकं ओढलं आणि पार्सलच्या छोट्या काट्यावर ठेवलं. पापड, लोणचं, शेव, घरच्या तुपाची बरणी. कुरिअरवाल्याने दहा किलोंची हद्द घातलेली. काटा नऊ किलो आठशेवर थांबला. पारसशेठनी बाहेर राहिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा उचलला.

मला राहवलं नाही. "शेठ, फुकटचं वजन."

त्यांनी डबा आत बसवला आणि वरून चकल्यांची पिशवी दाबली.

"असू द्या," ते म्हणाले. "आवाज लई हलका झालाय तिचा."