मांडी आवळा, दहा मोजा

कुसुमताई बोलता बोलता मध्येच गप्प होतात. नजर वर, ओठ घट्ट. नवख्याला वाटतं, बाईंना चक्कर आली. तसं काही नसतं. त्या मांडीचा स्नायू आवळून मनात दहा आकडे मोजत असतात. दहा झाले की वाक्य सोडलं तिथून पुढे सुरू.

डहाणूत आमच्या शेजारी राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिका. पाय इतके फेंगडे की मधून मांजर आरपार जावं, आणि गुडघे आतल्या बाजूने झिजलेले. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "पाय सरळ होणार नाहीत, पण मांडी भक्कम झाली तर गुडघ्याला आधार मिळेल." ताईंनी ते फारच मनावर घेतलं. बँकेच्या रांगेत, सत्यनारायणाच्या कथेत, कुठेही मांडी आवळणं चालू. गुडघ्याखाली दाबायची टॉवेलची गुंडाळी कायम पिशवीत. एकदा माझ्या मांडीत बोट खुपसून म्हणाल्या, "नुसता भोपळा आहे. आवळ!" मी दोन दिवस अबोला धरला.

हा खटाटोप कशासाठी, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एसटीची उंच पहिली पायरी चढवेना म्हणून ताई चार वर्षं माहेरी, झाईला गेल्या नव्हत्या. "पडवीत बसलं की समुद्र ऐकू येतो गं," एवढंच म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. मी रिक्षा करून देते म्हटलं तर फणकारल्या, "रिक्षाने मी दवाखान्यात जाते. माहेरी नाही."

परवा मला घेऊन स्टँडवर गेल्या. झाईची गाडी लागली. ताईंनी दांडा धरला, दहा मोजले आणि चढल्या! मी टाळ्या वाजवल्या.

"बसा ना मावशी, सीट रिकामी आहे," कंडक्टर म्हणाला.

ताई क्षणभर उभ्या राहिल्या आणि उतरल्या.

"अहो, जायचं होतं ना?"

"मुराळ्याशिवाय कशी जाऊ? आमच्यात भाऊ न्यायला आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही. दर दिवाळीला बाळू यायचा."

बाळू म्हणजे त्यांचा सत्तरीला टेकलेला धाकटा भाऊ. मला त्याचा रागच आला. "मग आता यायला काय झालं त्यांना?"

"पाय आमच्या घराण्याचेच, माझ्यासारखे. त्यालाही पायरी चढवत नाही. फोनवर कबूल करत नाही, म्हणतो वाडीत चिकू उतरवायचेत."

"मग तुम्ही कशाला चढलात?"

"मांडी आवळून खरंच चढता येतं का, हे आधी मी बघायला नको?"

त्यांनी पिशवीतून टॉवेलची नवी गुंडाळी काढली. आत व्यायामाचा कागद, शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या ठळक अक्षरांत. ती कंडक्टरच्या हाती देत म्हणाल्या, "झाईच्या स्टॉपवर एक फेंगडा म्हातारा बसलेला असतो. त्याला द्या. म्हणावं, ताई चढली. आता तू चढ आणि मला न्यायला ये."

गाडी सुटली. ताई बाकावर बसल्या. नजर वर, ओठ घट्ट. मी मनात दहा मोजले, मग वीस. त्या अजून गप्पच होत्या.