ज्वारीतले मणी

सिद्धोधन पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि घरातल्या कुकरला पहिल्यांदाच वरिष्ठ अधिकारी मिळाला. एखादी शिट्टी जास्त झाली की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत आणि विचारत, "ही कशाला वाजली?" आयुष्यभर फायलींवर शेरे मारले, आता शेरे मारायला बायको तेवढी उरली होती. सुकेशनीबाईंची सेलूच्या शाळेतली नोकरी अजून शिल्लक होती, हाच काय तो त्यांना आधार. शेवटी त्यांनी पुण्याच्या लेकीला फोन लावला. "संघप्रिया, बाबाच्या हाताला कायतरी काम लाव. न्हाई तर मी शाळेतच ऱ्हायला जाते."

लेकीनं पार्सल पाठवलं. रंगीत काचमणी, केसासारख्या बारीक सुया, ओवायला तंगुसाचा दोरा, टोकांना अडकवायचे आकडे. मण्यांचे दागिने करा, मोबाइलवर बघून येतं, म्हणाली. सिद्धोधनांना आधी लाजच वाटली. दार लोटून, पडदा ओढून त्यांनी पहिलं कडं ओवलं. ते सुकेशनीबाईंच्या हातात गेलं खरं, पण निघेना. साबण लावला, तेल लावलं, मग बाई ते घालूनच शाळेत गेल्या.

पण मणी ताटलीत ओतले की जो बारीक सळसळाट होई, तो ऐकून सिद्धोधन पार लहानपणीच्या गावी, वालूरला पोचत. त्यांची आई, सगुणाबाई, निंदणीहून आली की हातपाय धुऊन ओट्यावर माळ ओवायला बसायची. दोऱ्याचं एक टोक लहानग्या सिद्धूच्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. "हालू नको रे, मणी पडतेल," म्हणायची. अंगठ्याला मुंग्या यायच्या, माश्या बसायच्या, पण सिद्धू हलायचा नाही. आईच्या इतक्या जवळ बसायला दिवसभरात तेवढाच वेळ मिळायचा.

आईनं ओवलेली एक लाल-निळी माळ ट्रंकेत होती. एका दुपारी, तिच्यातला नक्षीचा घाट कळावा म्हणून, त्यांनी ती बाहेर काढली. उजेडासाठी पडवीत आले आणि माळ जरा ताणून बघितली. इतक्या वर्षांचा दोरा तो. तुटला. शेजारीच दळणाचा डबा उघडा होता. सगळे मणी ज्वारीत.

 सिद्धोधन सूप आणायला आत गेले. सूप काही सापडेना. ते माळ्यावरून काढून, अंगावरचं जाळं झटकत बाहेर आले, तर डबा गायब. शाळेतून आलेल्या सुकेशनीबाई स्कुटीवर डबा घेऊन गिरणीला गेल्या होत्या.

सिद्धोधन एका पायात स्वतःची आणि एका पायात बायकोची चप्पल घालून पळाले. गिरणीवाला सटवाजी डबा उचलून गिरणीच्या तोंडात ओतायच्या बेतातच होता.

"थांब, त्याच्यात आई हाय माझी," सिद्धोधन धापा टाकत म्हणाले.

सटवाजीनं गिरणी बंद केली आणि डबा अलगद खाली ठेवला. रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. खुलासा व्हायला थोडा वेळ लागला. मग सुकेशनीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, कुणी चाळणी आणली, कुणी साडीचा पदर पसरला आणि अख्खी रांग ज्वारी निसायला बसली. मूळची वालूरची म्हातारी दगडाबाई प्रत्येक मणी पिठाळ उजेडात धरून बघायची. "सगुणा लय हौशी होती," ती म्हणाली. "शेतात जायाचं असलं तरी गळ्यात माळ पायजेच." त्या दिवशी निम्म्या सेलूला दळण उशिरा मिळालं.

सगळे मणी काही सापडले नाहीत. आणि घरी येतात तोच फोन वाजला. गंगाखेडहून चांगुणाक्का, सिद्धोधनांची थोरली बहीण.

"सिद्धू, मी उद्या यायलेय. नातीच्या लग्नात आईची माळ तिच्या गळ्यात घालावी म्हणते. हाय ना जपून?"

"हाय की," सिद्धोधन म्हणाले आणि घाम पुसायला लागले.

रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. सकाळी त्यांनी कमी पडलेल्या मण्यांच्या जागी पार्सलमधले घेतले. ते फार चकाकत होते, म्हणून चहाच्या पाण्यात भिजवले, राखेनं घासले. मग दोरा आपल्याच पायाच्या अंगठ्याला बांधून ओवायला बसले.

"अहो, निदान अंघोळ तरी करा," सुकेशनीबाई म्हणाल्या.

"हालता येत न्हाई," ते म्हणाले. आवाज जरा ओला झाला होता. बाई समोर बसून एकेक मणी हातात देत राहिल्या.

अक्का दुपारच्या गाडीनं आली. पाणी प्याली, चष्मा लावला आणि माळ तळहातावर घेऊन मणी न् मणी चाचपू लागली. सिद्धोधन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आईच्या हाताची ओवणी," अक्का शेवटी म्हणाली. "कुठंबी वळखू येते." आणि चहात भिजवलेल्या एका मण्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो मणी तिच्या लय आवडीचा."

सुकेशनीबाईंना एकदम दूध उतू गेल्याची आठवण झाली. त्या आत गेल्या आणि तोंडात पदर कोंबून उभ्या राहिल्या. बाहेर बहीणभाऊ उशिरापर्यंत आईबद्दल बोलत बसले. ती कशी रागवायची, बोरं कशी लपवून ठेवायची, कुणाला हाक मारताना आधी भलत्याच लेकराचं नाव कसं घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सिद्धोधन अक्काला स्टँडवर सोडायला गेले. जागा मिळाली, पिशवी मांडीवर आली. मन हलकं होऊन ते खिडकीखाली उभे होते. गाडी सुरू झाली तेव्हा अक्कानं डोकं बाहेर काढलं.

"सिद्धू, धाकट्या नातीचं लग्न दिवाळीनंतर हाय."

"येतो की."

"ते तर येच. पर तिच्यासाठी बी आईची एक माळ लागंल," अक्का म्हणाली. "तिला हिरवा रंग आवडतो."